तांबडा भात समुद्राकडे

ओम् स्वस्त्यस्तु.

थोरल्या बहिणीला, म्हणजे एम्बोक तिर्तीला, धाकट्या मादे रास्मिनचा दोन्ही हात कपाळाशी नेऊन नमस्कार. तुझे पाय आता सुजत नसावेत, खोकला पावसाबरोबर गेला असावा, तुझी मोठी डुकरीण सुखरूप व्याली असावी आणि पिल्लं तिच्या अंगाखाली सापडली नसावीत, एवढंच देवापाशी मागणं. आमच्याकडे सगळं बरं. माझा डावा गुडघा सोडला तर सगळं अंग जागच्या जागी आहे. गुडघाही तसा जागच्या जागीच आहे, पण हल्ली तो बोलतो.

तुला चष्मा लावायची लाज वाटते आणि अक्षरं माझ्यापेक्षा कमी येतात (मी तिसरी, तू दुसरी, हे टोमणा म्हणून नाही, आठवण म्हणून लिहिलं), तेव्हा हे पत्र तुझी सून सुची वाचून दाखवणार असं मी धरून चालले आहे. सुची, बाई, सावकाश वाच. कंसातलंसुद्धा वाच. आणि तुझी सासू मधेच उठून "डुकरांना घालायचंय" म्हणायला लागली तर तिचा हात धर. डुकरं थांबतील. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. मागच्या खेपेला तर मी नुसती खोकले तरी ओळखलंस. पत्राचं तसं नाही. पत्राला आवाज नसतो, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे तू अर्धं ऐकून सोडणार नाहीस, पुढे तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते कळल्याशिवाय तुला जेवण जाणार नाही.

पाच उत्सव झाले, एम्बोक, तू घरी आली नाहीस त्याला. आपल्या घरच्या देवळाचा उत्सव दर दोनशे दहा दिवसांनी, म्हणजे पाच झाले आणि सहावा तोंडावर आला तर तीन वर्षं उलटून गेली, असं आपल्या नातीनं, लुहनं, हिशेब करून सांगितलं. आपल्याला भाऊ नाही, म्हणून मी नवरा घरात आणला आणि आईबापाचं देऊळ सांभाळत बसले, तू डोंगर ओलांडून पलीकडे नांदायला गेलीस. तरी दर उत्सवाला चार दिवस आधी तुझी टोपली आपल्या दारात हजर असायची. आणि शेवटच्या वेळी काय झालं, तर मी दारापुढे पाच रंगांचा भात मांडला, पांढरा, तांबडा, पिवळा, काळा आणि मधे मिसळलेला, जसा आई मांडायची तसा. तांबडा समुद्राच्या बाजूला. तू आलीस आणि म्हणालीस, "तांबडा दक्षिणेला हवा, आमचे पुजारी सांगतात." मी म्हणाले, "दक्षिणेला आपल्याकडे डोंगर आहे. आईनं समुद्राकडे सांगितलंय." तू तांबडा उचलून इकडे ठेवलास, मी उचलून तिकडे ठेवला, तू पुन्हा इकडे, आणि चौथ्या फेरीला शेजारच्या कुत्र्यानं पाचही रंग एकत्र करून प्रश्न मिटवला. तू पूजेलाही थांबली नाहीस. मिळेल त्या गाडीनं निघून गेलीस, केसात फूल तसंच. (त्यानंतर तुझी टोपली मी परत पाठवली ती रिकामी पाठवली, हे माझं चुकलं. रिकामी टोपली कुणी परत करत नाही. पण भाताचं नाही चुकलं.)

तर आता मूळ गोष्ट. आपली लुह वार्सिकी, माझ्या लेकीची थोरली, जावात शिकते हे तुला ठाऊक आहेच. तिच्या विद्यापीठात परिषद भरणार होती आणि तिथे तिला बोलायचं होतं, आपल्या पूजेच्या मांडणीवर. आजीला, म्हणजे मला, म्हणाली, "दादोंग, तू चल. सगळं तूच तर सांगितलंस मला." मी नाही म्हणाले. गुडघा, कोंबड्या, देवळाची रोजची फुलं. मग तिनं सांगितलं की मंदिरांचा आणि पूजाअर्चेचा अभ्यास केलेले चाळीस प्राध्यापक तिथे एका छपराखाली असणार. झालं. मी त्याच संध्याकाळी कोंबड्या शेजारी सोपवल्या. तुझ्यापाशी काय लपवायचं, मी गेले ती एकाच कामासाठी. चाळीसातल्या एकाकडून तरी लिहून आणायचं की तांबडा भात समुद्राकडे, रास्मिनचं बरोबर, तिर्तीचं चूक. खाली सही. तो कागद तुला पाठवायचा, म्हणजे तुला यावंच लागेल. पुढचा उत्सव अठरा दिवसांवर आहे, आणि मला सहावा उत्सव एकटीनं करायचा नाही.

बोटीवर चढल्या चढल्याच माझी पंचाईत सुरू झाली. घरून निघताना एक हात डोंगराकडे, एक समुद्राकडे, सगळं ठीक होतं. बोट मधोमध गेली तर चारी बाजूंना समुद्रच. मी लुहला म्हणाले, "इथे भात मांडायचा झाला तर चारी बाजूंना तांबडाच ठेवावा लागेल." ती म्हणाली, "दादोंग, हे मी लिहून घेऊ का?" त्या पोरीपाशी शिंक काढायची सोय नाही, लगेच वही उघडते. मग आगगाडी, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. मला जागा मिळाली ती उलट्या तोंडाची. म्हणजे अख्खी जावा मी पाठीनं पाहिली. समोर एक बाई होती, तिला मी आपले तांदळाचे लाडू दिले, तिनं मला उकडलेली अंडी दिली, आणि तिच्या सुनेची सगळी हकीकत दिली. (सुची, तू फार चांगली आहेस, एवढंच म्हणते.)

उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. विद्यापीठाजवळ बू तुमिनी नावाच्या एका जावी बाईच्या घरात तळमजल्यावर खोली घेतलेली. खोली स्वच्छ, बाई गोड, भाजी त्याहून गोड. (तिथे सगळ्यातच गूळ घालतात, फणसाच्या भाजीतसुद्धा. पहिल्या घासाला वाटलं, जेवणाआधीच प्रसाद वाढला.) आता झोपायचं म्हटलं तर डोकं कुठे करायचं? डोंगराकडे किंवा उगवतीकडे, पाय तर डोंगराकडे कधीच नाहीत, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. उगवतीला न्हाणीघर होतं, ती बाजू बाद. राहिला डोंगर. मी अंगणात उभी राहिले. सूर्य मावळत होता तो उजव्या हाताला घेतला, म्हणजे डोंगर नाकासमोर. आयुष्यभर असाच आहे. त्याप्रमाणे लुहकडून खाट फिरवून घेतली आणि झोपले. तुला सांगते, असली झोप वैऱ्याला येऊ नये. माझा सासरा स्वप्नात येऊन म्हणे, "अगं, माझ्या तोंडावरचे पाय काढ." (माझा नवरा आपल्या घरी आला, तेव्हा मला सासुरवास असा कधी झालाच नाही. तो स्वप्नात झाला.)

सकाळी अंगण झाडताना बू तुमिनी म्हणाली, "आज मेरापी अगदी स्वच्छ दिसतोय, बघा." मी वळून बघते तर डोंगर माझ्या पाठीशी. एवढा थोरला, डोक्यावर धुराचा तुरा, आणि मी रात्रभर त्याच्याकडे पाय करून निजलेली. मी तिथेच खाली बसून त्याची क्षमा मागितली. बू तुमिनीला वाटलं मला चक्कर आली. ती पाणी घेऊन धावली. मी म्हणाले, "तुमचा डोंगर चुकीच्या बाजूला आहे." ती बाई मुसलमान, पण डोंगराची माणसं शेवटी डोंगराचीच. तिनं झाडू खाली ठेवला, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, तो आमच्याआधीपासून तिथे आहे."

त्या दिवशी परिषदेचं उद्घाटन. मी आपली अंगात पांढरी कबाया, पिवळा कमरपट्टा, अंबाड्यात चाफा, अशी तयार होऊन गेले. दारातल्या मुलीनं गळ्यात माझ्या नावाची पाटी घातली आणि म्हणाली, "उजवीकडे तिसरं दालन." मी विचारलं, "डोंगराकडे की समुद्राकडे?" ती हसली. बंद इमारतीत, दिवे लावलेले, खिडक्यांना पडदे, तिथे डोंगर कुठे आणि समुद्र कुठे कुणाला माहीत. लुह कागदपत्रांच्या रांगेत अडकलेली. मी माझ्या अंदाजानं निघाले, आणि मला सापडलेल्या तिसऱ्या दालनात ताठ मानेनं बसले. तासभर एक सद्गृहस्थ गुरांच्या खुरांच्या रोगावर बोलले. मला वाटलं, हळूहळू पूजेकडे वळतील, आपले पुजारीही दुरून सुरुवात करतात. न वळता संपवलं. मग "कुणाला काही विचारायचंय का" म्हणाले तेव्हा मी उठून आपल्या गाईला दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं आणि हळदीत काय मिसळून लावलं ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, एम्बोक. खरंच. आणि निघताना खाऊचं खोकं दिलं. नंतर लुह शोधत आली, मला योग्य दालनात नेलं, तिथे आणखी एक खोकं मिळालं. परिषद म्हणजे काय ते मला आता पुरतं कळलंय. एक माणूस बोलतो, शंभर माणसं गारठ्यात बसतात, आणि चिकट भाताची एक सुरळी, एक तळलेली गुंडाळी आणि पाण्याचा पेला असं खोक्यात घालून देतात.

संध्याकाळी परत आल्यावर पहिलं काम खाटेचं. या खेपेला डोकं खऱ्या डोंगराकडे. खाट जड, लाकडी, बू तुमिनीच्या लग्नातली. मी, लुह आणि बू तुमिनी, तिघींनी ढकलली, ओढली, तिरकी केली, बू तुमिनी बाहेर गेल्यावर आम्ही दोघींनी आणखी एक रेटा दिला आणि ती नेमकी भिंत आणि दार यांच्यामध्ये जाऊन बसली. छान झोप लागली. सासरा आला नाही. सकाळी लुह उठून दार उघडायला गेली तर दार आत उघडणारं. खाट हलेना. वर उचलेना. दुसऱ्या बाजूनं बू तुमिनी दार ढकलते, इकडून आम्ही खाट ढकलतो, आणि लुहचं भाषण नऊ वाजता. ती पोर रडकुंडीला आली. "दादोंग, दोन वर्षं राबले मी या दिवसासाठी." मी म्हणाले, "रडू नकोस, खिडकी आहे." बाहेर बू तुमिनीनं भाजी चिरायचं स्टूल लावलं, आणि आपली लुह, रेशमी कबाया, केसात फूल, काखेत संगणक, अशी खिडकीतून बाहेर पडली. तिच्या मागून मी. माझं पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगते की बू तुमिनीचा भाऊ सुतार आहे, त्याला बोलावलं होतं खाटेसाठी, पण आधी त्यानं मला सोडवलं.

नऊला पाच मिनिटं असताना पोचलो. लुह वर गेली. समोर भलामोठा पडदा. मी पहिल्या रांगेत, मांडीवर कालचं खोकं. शेजारी त्या सगळ्यांचे प्रमुख, प्राध्यापक हार्जोनो, पांढरी दाढी, फार मायाळू चेहरा. मी ठरवलं, सही घ्यायची ती यांचीच. दिवे मंद झाले, आणि पडद्यावर मी. दहा फुटांची. मागच्या उत्सवातली, दारापुढे वाकून भात मांडताना, पाठमोरी. (पाठमोरी का घेतलीस म्हणून मी लुहला नंतर विचारलं.) खाली लिहिलेलं: "माहितगार पहिली, स्त्री, वय एकाहत्तर, उत्तर किनारा, शिक्षण तिसरी." पहिली मी, हे लक्षात घे. मग माझा आवाज आला, "आई सांगायची, तांबडा भात समुद्राकडे." मी प्राध्यापकांकडे बघितलं. ते मान डोलवत होते. मी मनात म्हणाले, झालं काम.

मग पडद्यावर तू आलीस.

मला माहीत नव्हतं, एम्बोक. लुह तुझ्याकडे चार दिवस राहून गेली, तुझ्या हातचं जेवली, आणि मला चकार शब्द नाही. तीन वर्षांनी तुझं तोंड बघितलं ते असं, शंभर अनोळखी माणसांच्या मधे, दहा फुटांचं. किती वाळलीस गं. खालचा दात कधी पडला? तुझ्या परड्यातला तो निळा डबा अजून आहे, तोही दिसला. तू भात मांडत होतीस, आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणालीस, "आई सांगायची, तांबडा भात समुद्राकडे."

मी उभी राहिले. मांडीवरचं खोकं पडलं. मी म्हणाले, "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? तीन वर्षं दक्षिण-दक्षिण करत होती, आज कबूल केलं." सगळं दालन माझ्याकडे बघायला लागलं. लुह वरून म्हणाली, "दादोंग, बस. तिचं अजून संपलेलं नाही." आणि तू बोलायला लागलीस. तुला तुझे शब्द आठवत नसतील, मला पाठ झालेत. तू म्हणालीस, "लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच सणाला तांबडा माझ्या हाताच्या सवयीनं ठेवला. सासूनं मनगट धरलं. म्हणाली, समुद्र कुठे असतो तेही माहेरी शिकवलं नाही का? इथे समुद्र दक्षिणेला. माहेरी उत्तरेला. सूर्यच चुकीच्या हाताला उगवत होता. पाच वर्षं लागली मला फिरायला. रडायची मी अंगणात उभी राहून. आणि हात एकदाचा फिरला, तर माहेरी गेल्यावर धाकटीनं मनगट धरलं. सासरी गेले तर चुकले, माहेरी आले तर चुकले. आता मी माझ्या दारापुढेच मांडते."

मी खाली बसले. गुडघासुद्धा बोलला नाही. लुहनं मग बेटाचं चित्र काढलं, मधे डोंगर, अलीकडे तुझं घर, पलीकडे माझं, आणि दोन तांबडे ठिपके, दोन्ही समुद्राच्या बाजूला, एकमेकांकडे पाठ केलेले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती पुढचं पान विसरली आणि तेच पान दोनदा वाचलं, तरी वाजल्या. मला मात्र पडद्यावरचं पुसट पुसट दिसत होतं. प्राध्यापक हार्जोनोंनी त्यांचा रुमाल पुढे केला. म्हणाले, "मोठी बहीण?" मी म्हणाले, "चार वर्षांनी मोठी. आधी भांडण मीच काढते." प्रश्नांच्या वेळी एका तरुण प्राध्यापकानं विचारलं, मग नेमकं बरोबर कोण. लुह माझ्याकडे बघायला लागली. चाळीस प्राध्यापक माझ्याकडे बघायला लागले. ज्या घटकेसाठी मी एवढ्या लांब पाठीनं आले होते ती घटका, एम्बोक, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "ती फार वाळली आहे, तिला कुणी खायला घालतं का?" (सुची, मनावर घेऊ नकोस. पण घाल.)

दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना मोटारीतून त्या जुन्या देवळांकडे नेलं, प्रांबाननला. मला वाटलं होतं एक देऊळ असेल. ते दगडांचं गावच आहे, उभी शिखरं, जणू एखाद्यानं मोठ्या सुपाऱ्या उभ्या करून ठेवल्यात, आणि आजूबाजूला पडक्या दगडांच्या राशी, कुणी लावायला घेईल म्हणून वाट बघत बसलेल्या. दारात डोक्यावर घालायला पिवळी टोपी दिली, कामगारांची, दगड पडला तर म्हणून. परक्याच्या डोक्यावरची टोपी माझ्या डोक्यावर, चाफ्याच्या वर. मी देवाला आधीच सांगून टाकलं की हे माझ्या मनानं नाही. शाळेच्या पोरींचा एक जथा आला होता, त्यांना माझी कबाया आणि ती टोपी बघून मी कसल्या तरी नाचातली वाटले. सतरा जणींनी माझ्याबरोबर फोटो काढले. मी प्रत्येकीला विचारलं, "घरी जाऊन आजीला दाखवशील ना?"

मग प्राध्यापक हार्जोनो मला हाताला धरून मधल्या अंगणात घेऊन गेले. तीन मोठी देवळं ओळीत. मधलं शिवाचं. "आणि हे ब्रह्मदेवाचं," त्यांनी दाखवलं. म्हणजे आपला तांबडा देव. मी विचारलं, "समुद्र कुठे?" त्यांनी ब्रह्मदेवाच्या पलीकडे हात केला. "आणि डोंगर?" तो तर दिसतच होता, विष्णूच्या पलीकडे, काळ्या देवाच्या बाजूला. तांबडा समुद्राकडे, काळा डोंगराकडे. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी अख्खं देऊळ उचलून बरोबर तिथे ठेवलंय, आणि कुत्र्यानं हलवलेलं नाही. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मी त्या पायऱ्यांशी टोपीसकट हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, तू बरोबर होतीस."

आणि मग मी डोंगराकडे तोंड केलं. सकाळची वेळ होती. ऊन माझ्या उजव्या गालावर पडलं. एकाहत्तर वर्षं ते डाव्या गालावर पडतंय, एम्बोक. मला पाय कुठे ठेवावा कळेना. तीन दिवसांची पाहुणी मी, खाट फिरवता फिरवता बेजार झाले, खिडकीत अडकले. तू एकोणीस वर्षांची होतीस. तुझ्या उजव्या गालावर ऊन पडलं त्या दिवशी तुझ्याजवळ कोण होतं? मी तेव्हा घरी तुझ्या वाट्याची चटई मिळाली म्हणून खूश होते.

बरं, फार झालं. आता आगगाडीत बसून लिहितेय, परिषदेत मिळालेल्या वहीत, लेखणीपण त्यांचीच. या खेपेला तोंड सरळ आहे, म्हणून अक्षर बरं आलंय. समोर लुह झोपली आहे, तोंड उघडं टाकून, अगदी तुझ्यासारखी. तुझ्यासाठी बाकपिया घेतल्या आहेत, मुगाच्या सारणाच्या, एक पुडा. दुसरा पुडा बोटीवर संपेल असं दिसतंय. तुझ्या पायांना जप, थंड पाण्यात उभी राहून भाजी धुऊ नकोस, आणि सुचीच्या लेकरांना माझे आशीर्वाद.

ओम् शांती, शांती, आणि जमेल तितकी शांती.

तुझी धाकटी,
मादे रास्मिन

ता. क. प्राध्यापकांची सही शेवटी मी घेतलीच. एवढ्या लांब जाऊन मोकळ्या हातानं कोण येतं. त्यांनी लिहून दिलंय, "दोघी बहिणींचं बरोबर आहे." मी म्हणाले, यात माझं नाव आधी घाला. त्यांनी घातलं. तू मागितल्याशिवाय तो कागद मी दाखवणार नाही, पण आहे माझ्याकडे, एवढं असू दे लक्षात.

दुसरा ता. क. उत्सवाचं म्हणशील तर भात मी शिजवीन, पाचही रंगांचा. मांडायचा तू. तुझा हात जिकडे जाईल तिकडे. मी तोवर मनगटं पाठीमागे धरून उभी राहीन. देवांना सूर्य कुठल्याही गालावर चालत असावा, नाहीतर त्यांनी डोंगराच्या दोन्ही बाजूंना माणसं कशाला वसवली असती. तुझी टोपली माझ्याकडून रिकामी आली होती, ती भरून द्यायची राहिली आहे. त्यासाठी तरी ये.

तिसरा ता. क. बोटीतून उतरलं की एक गाडी आपल्या गावाकडे जाते आणि एक तुझ्या बाजूला. मी चुकीच्या गाडीत बसले. लुह म्हणते चुकून नाही बसलीस, तूच तिकीट काढलंस. ही ओळ मी तुझ्या दारासमोरच्या चहा-कॉफीच्या टपरीत लिहितेय. हे पत्र पोस्टानं आलं नाही हे सुचीनं एव्हाना ओळखलं असेल, ते लुहनं हातात दिलं, आणि ती तुझ्या ओट्यावर बसून काही ठाऊक नसल्यासारखं तोंड करून असेल. माझी दुसरी कॉफी झाली. इथून तुझं दार दिसतं, तुझी डुकरीणही ऐकू येते. मला आत घ्यायचं नसेल तर सुचीला सांग, तिला बाहेर येऊन नुसती मान हलवू दे, रागावणार नाही मी. आणखी एक कॉफी घेईन, आणि मग येईनच.